ऐकून घेणाऱ्या शिक्षिका : डॉ. एलिनॉर झेलियट आणि आपल्या घरातील इतिहास

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकांविषयी लिहिण्याची प्रथा जुनी आहे. ज्यांच्या हाताखाली आपण शिकलो, त्यांचे ऋण शब्दांत मांडावे, हा त्यामागचा हेतू असतो. या लेखात मात्र मी अशा एका शिक्षिकेविषयी लिहिणार आहे, ज्यांच्या वर्गात मी एक दिवसही बसले नाही. त्यांचे महाविद्यालय अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, नॉर्थफील्ड नावाच्या लहानशा गावी होते. तेथे त्यांनी २८ वर्षे इतिहास शिकवला. तरीही इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी त्यांची ऋणी आहे. आणि माझ्या समजुतीप्रमाणे या स्मरणिकेचे बहुतेक वाचक, त्यांचे नाव ऐकलेले असो वा नसो, काही अंशी त्यांचे ऋणी आहेत. डॉ. एलिनॉर झेलियट हे त्यांचे नाव.

त्यांच्याविषयी लिहिण्यापूर्वी एका पेटीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे.

पेटी रिकामी झाली तो दिवस

आमच्या घरी आजोबांची एक लोखंडी पेटी होती. आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण कागद जपण्याची त्यांना विलक्षण सवय होती. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या सभासदत्वाच्या पावत्या, सभांची हस्तपत्रके, ‘जनता’ साप्ताहिकाचे दोरीने बांधलेले अंक, जलशातील गाणी उतरवलेली एक वही, असे पुष्कळ काही त्या पेटीत होते. आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी घरात लग्न निघाले. भिंतींना चुना लावायचा म्हणून सामान अंगणात आले आणि पेटीतील कागद रद्दीवाल्याच्या तराजूत गेले. त्या वेळी मी शाळेत होते. पेटी हलकी झाली म्हणून ती उचलून आत नेण्याचे काम माझ्याकडे आले, एवढेच मला आठवते. वाईट वाटल्याचे आठवत नाही.

वाईट वाटले ते एम.ए.ला असताना. विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९२ साली प्रसिद्ध झालेले ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हे डॉ. झेलियट यांच्या निबंधांचे पुस्तक माझ्या हाती आले. इतिहासाची साधने म्हणजे ताम्रपट, बखरी आणि सरकारी दफ्तर, असे आम्हांला तोवर शिकवले गेले होते. या पुस्तकातील बाई मात्र आमच्या लोकांची नियतकालिके, परिषदांचे ठराव, सरकारकडे केलेले अर्ज, कार्यकर्त्यांनी बोलून दाखवलेल्या आठवणी आणि मराठी कविता यांच्या आधारे इतिहास लिहीत होत्या. आजोबांच्या पेटीत जे होते, त्याच जातीचे हे कागद होते. साता समुद्रापलीकडची एक शिक्षिका ज्या कागदांच्या शोधात हजारो मैल आली, ते कागद आम्ही किलोच्या भावाने विकले होते. त्या दिवसापासून ही बाई कोण, कुठल्या, आणि त्यांना हे का करावेसे वाटले, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

घडण : क्वेकर परंपरा

एलिनॉर झेलियट यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९२६ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात झाला. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतीचा, मैदानी प्रदेश. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण त्याच राज्यातील ऑस्कालूसा येथील विल्यम पेन महाविद्यालयात झाले. हे महाविद्यालय क्वेकर पंथाच्या लोकांनी १८७३ साली स्थापन केलेले. त्यांनी १९४८ मध्ये पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर महाविद्यालयातून एम.ए. केले. हे महाविद्यालयही क्वेकरांच्याच पुढाकाराने स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी सुरू झालेले होते. झेलियट स्वतः क्वेकर होत्या. त्यांच्या पुढील कामाची मुळे समजून घ्यायची, तर या पंथाची ओळख आवश्यक आहे.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील लहान पंथ. ‘मित्रांचा समाज’ असे ते स्वतःस म्हणवतात. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याने त्याची सुरुवात केली. प्रत्येक माणसाच्या ठायी अंतःप्रकाश असतो, ही त्यांची मुख्य धारणा. मग मध्यस्थ पुरोहिताची गरज उरत नाही. त्यांच्या पारंपरिक प्रार्थनासभेत वेदी नसते, मंत्र नसतो. सर्व जण स्तब्ध बसतात आणि ज्याला आतून काही सांगावेसे वाटेल तो, स्त्री असो वा पुरुष, उभा राहून बोलतो. बाकीचे ऐकतात.

या पंथाची आणखी एक गोष्ट आपल्याला विशेष कळेल अशी आहे. त्या काळच्या इंग्रजीत वरच्या दर्जाच्या माणसाला एक सर्वनाम आणि खालच्याला दुसरे, असा भेद होता. क्वेकरांनी सर्वांना एकाच सर्वनामाने हाक मारण्याचे ठरवले. न्यायाधीशासमोरही टोपी काढण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला. ज्या समाजात पांढऱ्या केसांच्या माणसाला पाटलाच्या पोराने ‘अरे’ म्हणावे आणि म्हाताऱ्याने त्या पोराला ‘जोहार मायबाप’ म्हणावे, अशी रीत होती, त्या समाजाला सर्वनामाची आणि अभिवादनाची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. ‘जोहार’ जाऊन ‘जय भीम’ आला, हा आपल्या इतिहासातील केवळ शब्दांचा बदल नव्हता.

क्वेकर सर्व काळ निर्दोष होते असे मात्र नाही. अमेरिकेतील त्यांच्यापैकी अनेकांनी प्रारंभी गुलाम बाळगले. १६८८ साली जर्मनटाउन येथील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. परंतु फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली ती १७७६ साली. स्वतःच्या घरातला अन्याय ओळखायला त्यांना जवळजवळ शतक लागले. पुढे गुलामगिरीविरोधी कार्यात ते अग्रभागी राहिले, आणि १९४७ सालचे नोबेल शांतता पारितोषिक ब्रिटन व अमेरिकेतील क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळाले. दुसऱ्याचे स्तब्धपणे ऐकणे आणि माणसामाणसांतील पायऱ्या न मानणे, ही शिदोरी घेऊन तरुण झेलियट १९५२ साली प्रथम भारतात आल्या.

बाबासाहेबांकडे

त्या काळी अमेरिकेतील सुशिक्षितांना भारत ठाऊक होता तो प्रामुख्याने गांधीजींच्या नावाने. शांततावादी क्वेकरांना तर गांधीजी अधिकच जवळचे. अशा पार्श्वभूमीच्या व्यक्तीने आपल्या प्रबंधासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हा विषय निवडावा, यातच त्यांची स्वतंत्र बुद्धी दिसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर पीएच.डी.चे काम हाती घेतले आणि १९६०च्या दशकात त्यासाठी त्या महाराष्ट्रात येऊन राहिल्या.

हा काळ ध्यानात घेतला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात अडीच हजारांच्या आसपास असलेली बौद्धांची संख्या १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजारांवर गेली होती. धनंजय कीर यांचे चरित्र आणि चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्राचे प्रारंभीचे खंड आलेले होते. परंतु महाराष्ट्र शासनाच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचा पहिला खंड यायला १९७९ साल उजाडायचे होते. म्हणजे साधने विखुरलेली होती. काही ग्रंथालयांत, बरीचशी माणसांच्या घरांत आणि आठवणींत. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेली, काळारामाच्या दारात लाठ्या खाल्लेली माणसे मात्र तेव्हा हयात होती. त्यांना विचारण्याची ती वेळ होती. आपल्या देशातील विद्यापीठांना ती वेळ फारशी साधता आली नाही.

प्रबंधाचे मर्म

डॉ. झेलियट यांच्या प्रतिपादनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल : ही चळवळ एका दिवसात उभी राहिली नाही आणि कोणी वरून बहालही केली नाही. गावगाड्यात महारांकडे वतनी कामे होती, पण विशिष्ट असा हस्तव्यवसाय नव्हता. त्यामुळे इंग्रजी अमदानीत लष्कर, रेल्वे, गोदी, गिरण्या अशी नवी कामे निघाली तेव्हा ते गाव सोडून तिकडे वळू शकले. लष्करामुळे काहींच्या हाती अक्षर आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराचे दार बंद झाले, तेव्हा दाद मागण्याची भाषाही याच वर्गाजवळ तयार होती. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली लष्करभरतीसाठी तयार केलेला अर्ज, शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला ५१ गावांची माणसे जमवून सरकारपुढे मांडलेल्या मागण्या, त्यांचे ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक, नागपूरकडे किसन फागोजी बनसोडे यांनी वृत्तपत्रांतून केलेली जागृती, हे सारे बाबासाहेब सार्वजनिक जीवनात येण्याच्या आधीचे. बाबासाहेबांनी या जमिनीवर शिक्षण, संघटना आणि कायदा यांची उभारणी केली, तिला अखिल भारतीय रूप दिले आणि अखेरीस धम्माच्या मार्गाने तिला नवी ओळख दिली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात फक्त ‘उद्धार’ करून घेणाऱ्यांची जागा होती, ते लोक या मांडणीत कर्ते होतात. अर्ज लिहिणारे, मासिक चालवणारे, वर्गणी गोळा करणारे, मेलेले ढोर ओढायचे नाही असा गावात निर्धार करणारे लोक यात दिसतात. बाबासाहेबांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. उलट ते कोणत्या पायावर उभे राहिले ते स्पष्ट होते.

या प्रबंधाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याचा भर परिषदा, संघटना, निवडणुका आणि नेतृत्व यांवर आहे. चुलीजवळची, पाणवठ्यावरची, रात्रशाळेत येणाऱ्या बायकांची बाजू त्या प्रमाणात येत नाही. ती उणीव आपल्याच दोन भगिनींनी भरून काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. बाहेरच्या अभ्यासकाने दार दाखवले तरी घरातल्या माणसाला आतल्या खोल्या अधिक ठाऊक असतात, याचे हे पुस्तक उत्तम उदाहरण आहे.

वर्गातील अठ्ठावीस वर्षे

१९६९ साली झेलियट यांना पीएच.डी. मिळाली आणि त्याच वर्षी त्या नॉर्थफील्डच्या कार्लटन महाविद्यालयात रुजू झाल्या. तेव्हा त्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षात होत्या. एम.ए. आणि पीएच.डी. यांत वीस वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींना मुद्दाम सांगते. संसार, नोकरी किंवा परिस्थितीमुळे ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले, त्यांनी ते कायमचे संपले असे समजू नये.

कार्लटन हे १८६६ साली स्थापन झालेले महाविद्यालय केवळ पदवीपर्यंत शिकवणारे आणि निवासी आहे. तेथे पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत. अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना प्रथमपासून शिकवणे, हेच तेथील प्राध्यापकाचे मुख्य काम. मोठ्या विद्यापीठाचा दबदबा नसलेल्या अशा ठिकाणी झेलियट यांनी १९९७ पर्यंत अध्यापन केले. ज्यांनी महाराष्ट्राचे नावही ऐकलेले नाही, अशा आयोवा-मिनेसोटाच्या मुलांपुढे चोखामेळा, एकनाथ, जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांना उभे करायचे, हे काम सोपे नव्हते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघातर्फे पुण्यात चालणाऱ्या अभ्यासक्रमाशीही त्यांचा दीर्घ संबंध होता. त्यात येणारे विद्यार्थी पुण्यातील कुटुंबांत राहत आणि मराठी शिकत. शिकवायचे ते त्या देशाच्या भाषेतून समजून घेतल्यावर, हा त्यामागचा विचार होता.

मराठीवरील हे प्रेम त्यांच्या लेखनात सर्वत्र आहे. एकनाथांच्या भारुडांवर आणि ‘हिंदु-तुर्क संवादा’वर त्यांनी लिहिले. चोखामेळा आणि एकनाथ यांची भक्ती आधुनिक काळातील परिवर्तनाला कोणता आधार देऊ शकते, याची त्यांनी चिकित्सा केली. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्यासह ‘द एक्सपिरियन्स ऑफ हिंदुइझम’ हा महाराष्ट्रातील धर्मजीवनावरचा ग्रंथ १९८८ मध्ये संपादित केला. दलित कवितेची भाषांतरे इंग्रजीत आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता, आणि मुल्कराज आनंद यांच्यासह त्यांनी दलित साहित्याचा एक इंग्रजी संग्रह १९९२ मध्ये संपादित केला. वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन गेल ऑम्वेट यांनी इंग्रजीत नेले, ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला प्रास्ताविक झेलियट यांचे होते.

आश्चर्य असे की त्यांचा मूळ प्रबंध पुस्तकरूपाने यायला २००४ साल उजाडले. मधली ३५ वर्षे अभ्यासक तो प्रबंधाच्या रूपातच वाचत राहिले. २०१३ मध्ये तो ‘आंबेडकर्स वर्ल्ड’ या नावाने पुन्हा निघाला. त्यानंतर तीन वर्षांनी, जून २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी डॉ. झेलियट यांचे निधन झाले.

आपण काय करावे

त्यांच्या निधनाची बातमी वाचली त्या दिवशी मला पुन्हा ती पेटी आठवली. त्यांच्यासाठी बोलणारी पिढी आता उरलेली नाही. १९५६ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. पण त्या पिढीची मुले साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांना पुष्कळ काही आठवते. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज गावोगावी, शहरोशहरी पसरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरापुरते काम केले तरी मोठा संग्रह उभा राहील. अनुभवावरून काही सूचना करते.

जुने छायाचित्र मिळाले की त्यातील माणसांची नावे, गाव आणि प्रसंग वेगळ्या कागदावर लिहून तो छायाचित्रासोबत ठेवावा. नावे सांगणारा माणूस गेला की छायाचित्र मुके होते. पावती, हस्तपत्रक, लग्नपत्रिका, निवडणुकीचा कागद यांपैकी काहीही टाकण्यापूर्वी मोबाइलवर त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, आणि शक्यतो मूळ कागदही ठेवावा. वडीलधाऱ्यांशी बोलताना ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी. ‘चळवळीविषयी सांगा’ असा प्रश्न विचारला तर भाषण ऐकू येते. ‘दीक्षेला जाताना शिदोरीत काय होते, सोबत कोण होते, परत आल्यावर देव्हाऱ्यातल्या देवांचे काय केले’ असे विचारले तर इतिहास ऐकू येतो. साल आठवत नसेल तर घाई करू नये. ‘थोरली आत्या पाळण्यात होती’ किंवा ‘दुष्काळाचे वर्ष होते’ एवढ्या खुणेवरूनही साल काढता येते. मग ते जुन्या वृत्तपत्रांशी ताडून पाहावे. सांगणाऱ्याच्या दोन गोष्टी परस्परांशी जुळल्या नाहीत, तर दोन्ही लिहाव्यात. आपल्या मनाने एक पुसून टाकू नये. आणि ऐकताना मध्ये बोलू नये. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. शिक्षकांना तर फारच.

मी स्वतः ही पद्धत प्रथम माझ्या आजीवर वापरून पाहिली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी तिच्यापुढे वही घेऊन बसले आणि पेटीत काय काय होते ते विचारले. तिला अक्षर येत नव्हते. ‘मला काय ठावं बाई,’ असे ती प्रथम म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिने जलशातील एक गाणे म्हटले; मग दुसरे. पेटीतल्या वहीत आजोबांनी उतरवलेली गाणी तिला पाठ होती, कारण ती त्यांनी तिच्या तोंडून ऐकूनच लिहिली होती. ही गोष्ट आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हती. त्या सुट्टीत माझ्या वहीची चाळीस पाने भरली. पुढच्या वर्षी आजी गेली.

शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट अशा कागदांसाठी राखून ठेवावे, अशी विनंती मी व्यवस्थापनाला या लेखाद्वारे करीत आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्याकडील कागदांच्या, छायाचित्रांच्या, ध्वनिमुद्रणांच्या प्रती तेथे आणून द्याव्यात. इतिहासाच्या तासाला आमची मुले त्यांची नोंदवही तयार करतील. कपाट रिकामे राहू नये म्हणून पहिली भर मीच घालते. आजीच्या गाण्यांची ती चाळीस पानांची वही मी ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे.